आगिलोचा कान आणि नसलेली तीन वर्षं

आगिलोचा डावा कान उजव्या कानापेक्षा बोटभर लांब होता, आणि वार्नियाक गावात त्याला कुणी हसत नसे. गावाचं सगळं त्या कानात होतं.

मोझेल नदीच्या त्या काठावर जमीन, घर किंवा चांगली गाय एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तीन मोठी माणसं साक्षीला लागत आणि तीन पोरं. मोठ्यांनी बघायचं, पोरांनी मार खायचा. देवघेवीचे शब्द बोलून झाले की घेणारा माणूस एकेका पोराला सणसणीत चपराक मारी आणि त्याचा कान पिळी. मोठी माणसं मरतात, पोरं मागे राहतात. आणि पोरगं काहीही विसरेल, पण काही न करता खाल्लेली चपराक विसरणार नाही, असा बापजाद्यांचा विचार होता.

बाकीची पोरं हुशार होती. टेकडीवर माणसं जमायला लागली की ती ओढ्याकडे पळत. आगिलो पळायला हळू होता, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे काय होतं ते बघायची त्याला हौस होती. तो दर वेळी सापडे. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने तेवीस चपराका खाल्ल्या, आणि एकही वाया गेली नाही. प्रत्येकीला हात होता, हाताला वास होता, वासाला दिवस होता. लोहार बाझोने गाय घेतली तो कोळशाचा हात. विहिरीची हद्द ठरली तो ओल्या चुन्याचा. एका बाईचा हात होता, मऊ, पण तिने अंगठी काढली नव्हती. ती गिरणीची वाटणी.

राजांचंही तसंच. नव्या राजाला ढालीवर उचलून राज्य दिल्याची बातमी आली की गावकरी आगिलोला बोलावून एक ठेवून देत, म्हणजे त्या राजाचं पहिलं वर्ष कुठून मोजायचं ते पक्कं होई. पुढे तो वाढला, दाढी आली, तरी लोकांना सवय झाली होती. शिकवलेला कान सोडून नवं पोर कोण पकडत बसणार? माणसं बांधावरून हाक मारत, "आगिलो, आमच्या परसातलं अक्रोडाचं झाड कुणाचं रे?" तो कानाची पाळी दोन बोटांत धरून डोळे मिटी आणि सांगे. मग ती माणसं भांडायला परत जात.

तो दहा वर्षांचा असताना गिस्लो नावाच्या माणसाने उतारावरचा द्राक्षमळा घेतला. विकणारा वुल्फार, काठावरचा सगळ्यात मोठा जमीनदार. त्याने मळ्याच्या बदल्यात दोन बैल आणि एक तांब्याची कढई घेतली. गिस्लोने आगिलोला अशी मारली की त्याला दोन नद्या दिसल्या. लसूण आणि आंबलेला द्राक्षरस असा त्या हाताचा वास होता. पुढे त्याच गिस्लोची मुलगी वाल्दा आगिलोची बायको झाली आणि मळा तिच्याकडे आला. सासऱ्याच्या हाताचा वास बायकोच्याही हाताला होता. सुरुवातीची काही वर्षं तिने गाल कुरवाळायला हात उचलला की आगिलो दचकून मागे सरे.

आता तो एकेचाळीस वर्षांचा होता. बागेच्या छाटणीच्या दिवसांत वुल्फारचा मुलगा ट्रासो घोड्यावरून आला. त्याच्यामागे खेचरावर त्याचा कारकून दोम्नोल होता. ट्रासो घोड्यावरून उतरला नाही.

"काय आगिलो, कान काय म्हणतो?"

"ऐकतोय, ट्रासोदादा."

"मग ऐक. हा मळा माझ्या बापाचा. विकल्याचा कागद दाखव."

"कागद देवळातल्या पेटीत होता. पेटी धाकट्या राजाच्या सैनिकांनी जाळली. तुम्ही तिथंच होता. हात शेकत होता."

"म्हणजे नाही. साक्षीदार?"

"मोठे तिघं गेले. पोरांतला लूपो तापाने गेला. एर्पो मठात गेला, तिथं बोलायला बंदी आहे. मी आहे."

"तू मालकिणीचा नवरा. तुझी साक्ष कोण धरतो?" ट्रासोने चाबकाच्या टोकाने मळ्याचा वरचा कोपरा दाखवला. तिथे दगडी बांध वळत होता आणि एक जुना, जाड बुंध्याचा वेल होता. "तो कोपरा सपाट करणार. बांध काढायचा, वेल उपटायचा. द्राक्षं पिळायचा घाणा बसवतो तिथं. जागा झकास आहे."

वाल्दा खालच्या ओळीत छाटणी करत होती. तिचा कोयता थांबला.

त्या कोपऱ्यात, बांधाच्या तिसऱ्या दगडाखाली, त्यांची मुलगी होती. आवा. दहा महिन्यांची. ती गेली तेव्हा राज्य तिघा भावांत वाटलेलं होतं, नदी आणि पलीकडचा काठ थोरल्याकडे होता, आणि थोरला भावावर रागावला असल्यामुळे नाव बंद होती. दफनभूमी पलीकडे. नावाड्याने मेलेल्या पोरीलाही परवाना विचारला होता. म्हणून ती इथे. त्यानंतर त्यांना दोन मुलगे झाले, मोठे झाले, कामाला दूर गेले. पण हात रिकामा झाला की वाल्दा त्या कोपऱ्यात जाऊन गवत काढी. तिथे गवत उरलेलंच नसे.

"तीस वर्षं," ती तिथूनच ओरडली. "तीस वर्षं ज्याच्याकडे जमीन, त्याची जमीन! कागद लागत नाही. आम्हाला कायदा शिकवतोस?"

"तीस झाली असतील तर," ट्रासो म्हणाला, आणि दोम्नोलने खेचरावर बसल्या बसल्या मान हलवली. ती मान आगिलोला आवडली नाही.

*

टेकडीवरच्या लिंडेनच्या झाडाला राजाच्या अधिकाऱ्याने, काउंट सिंदुल्फने, आपली ढाल टांगली, म्हणजे सभा भरली. सात पंच बाकावर बसले. मधोमध एब्रोआबा, ज्यांना सगळा कायदा तोंडपाठ होता आणि बाकी काही आठवत नव्हतं. काउंटच्या पायाशी एक टोपली होती, तिच्यात भाजलेलं डुक्कर होतं, आणि त्याचं निम्मं लक्ष तिकडे होतं.

"आगिलो, मोज," एब्रोआबा म्हणाले.

आगिलोने कान धरला. राजांची नावं त्याला येत होती, पण त्या घराण्यात नावं चार-पाचच होती आणि तीच बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे फिरत. नाव घेतलं की तीन माणसं उभी राहत, त्यांतली दोन मेलेली. म्हणून गाव नात्याने बोले.

"म्हातारा राजा वारला. तिघा मुलांनी राज्य वाटून घेतलं. आपलं गाव आणि हा उतार मधल्याकडे. मधल्याच्या दुसऱ्या वर्षी, द्राक्षं उतरताना, गिस्लोमामांनी मळा घेतला. तिथून सातव्या वर्षापर्यंत पाच. मग..."

तो थांबला. सगळी सभा थांबली. इथे काय येतं ते सगळ्यांना माहीत होतं.

सातव्या वर्षी धाकट्याने मधल्याला जेवायला बोलावलं, आणि जेवण झाल्यावर त्याचे केस कापले. त्या घराण्यात केस खांद्याखाली असतील तरच माणूस राजा. गुळगुळीत डोक्याच्या मधल्याला मठात टाकलं, आणि उतार धाकट्याने घेतला. मठात मधला तीन वर्षं बसून राहिला. प्रार्थना केली, कांदे लावले, आणि केस वाढवले. खांद्याला टेकले त्या दिवशी भिंतीवरून उडी मारून तो परत आला. मग दोघा भावांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि तह केला. तहात लिहिलं होतं की भावाभावांत काहीही झालेलं नाही. मधल्याच्या कारकुनांनी दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिलं, वर्ष आठवं.

आणि आत्ताचा राजा पुतण्या होता, थोरल्याचा मुलगा. मधल्याचे स्वतःचे मुलगे एकदा काकाकडे जेवायला गेले होते, त्यामुळे ते उरले नव्हते. पुतण्याला हा उतार मधल्याकडून आला. मधला मध्येच राजा नव्हता असं म्हणणं म्हणजे पुतण्याचा हक्क फाटका आहे असं म्हणणं. गेल्या वर्षी वरच्या गावातल्या एका खाटकाने दारूच्या नशेत "टकला असतानाची गोष्ट" एवढंच म्हटलं होतं. त्याचं दुकान आता त्याचा भाऊ चालवत होता.

"मग काय?" काउंट म्हणाला. तो टोपलीकडे बघायचा थांबला होता.

"मग आठव्यापासून विसाव्यापर्यंत तेरा," आगिलो हळू म्हणाला. "मग मधला वारला. पुतण्याची दहा."

"पाच, तेरा, दहा," दोम्नोल उठला. "अठ्ठावीस. तीसला दोन कमी. सरकार, यापलीकडे कुणाकडे एखादं वर्ष असेल तर त्याने ते इथं दाखवावं. कुठल्या राजाचं आहे तेही सांगावं."

कुणी काही दाखवलं नाही. पाठीमागे एक कुत्रा खाजवत होता.

एब्रोआबा आनंदले. "म्हणजे मी एकाहत्तरचा नाही, अडुसष्टचा!"

"हो, आबा."

"तरीच गुडघा बरा वाटतो."

मग सगळेच बोलायला लागले. चर्मकाराचा मुलगा त्या तीन वर्षांत जन्मला होता. तो कुठून आला? पाद्रीबाबांना दीक्षाही तेव्हाच मिळाली होती. पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले, "देवाची वर्षं वेगळी असतात, बाळांनो, ती वर मोजतात." बाझो लोहाराला त्या काळात पाय मोडल्याचं आठवलं आणि तो सरळ चालून दाखवायला लागला. जमलं नाही.

दोम्नोलने हात वर केला. "एक राहिलं. आगिलो, तुझं लग्न कधी झालं?"

आगिलोने कान धरला. सोडला. "धाकट्याच्या..." त्याने जीभ चावली. "त्या अधल्यामधल्या दिवसांत."

"म्हणजे झालंच नाही."

पाठीमागून वाल्दाचा आवाज आला. "झालं नाही? मग एवढी वर्षं ह्याचे मोजे मी कोण म्हणून धुतले?"

सभा खदखदून हसली. काउंटही हसला. एब्रोआबांनी मात्र कायदा म्हणून नीट विचार केला आणि बोट वर केलं. "नवरा नाही, तर हा बाहेरचा माणूस. बाहेरच्या माणसाची साक्ष चालते. आगिलो, आता तू बोलू शकतोस."

ट्रासोने दोम्नोलकडे असं पाहिलं की कारकून खाली बसला.

आगिलो उभा राहिला. त्याला हसू येत नव्हतं. लग्न झालं नसेल तर नसेल. ते उद्याही करता येईल. पण त्या तीन वर्षांत दहा महिने होते. ते कुणी विचारले नव्हते. ते कुणी विचारणारही नव्हतं, कारण त्या दहा महिन्यांत काही एका हातातून दुसऱ्या हातात गेलं नव्हतं. त्याने कान पुन्हा धरला. तिथे काहीच नव्हतं. आवासाठी त्याला कुणी मारलं नव्हतं. ती वेलाच्या बुंध्याला धरून उभी राहिली होती, हे त्याला माहीत होतं, पण ते एखादी बातमी माहीत असावी तसं. वास नव्हता. तिचे डोळे घारे होते की करडे, हे त्याला गेल्या हिवाळ्यापासून खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने वाल्दाला सांगितली नव्हती.

पण कानाच्या आतल्या घडीत दुसरं काहीतरी ठसठसलं. घोड्याचं खोगीर, मेण, बाम मासा.

"सरकार," तो म्हणाला, "मी कुठलंच वर्ष दाखवत नाही. कारकुनांचा हिशेब मला मान्य आहे. फक्त एक विचारायचं होतं. वुल्फारकाका कधी वारले?"

काउंटने टोपली पायाने बाजूला सारली.

मधल्याचे केस कापल्याची बातमी आली त्या आठवड्यात वुल्फारने मोठी मेजवानी दिली होती. तो धाकट्याच्या बाजूचा. बाम मासा खाता खाता तो जोराने हसला आणि काटा घशात अडकला. अख्ख्या गावाने बघितलं. त्याच्याच शेतातल्या उंचवट्यावर त्याला तलवारीसकट पुरलं, आणि ट्रासोने वारसा घेतला.

"मला नीट आठवतंय," आगिलो म्हणाला. "वारसा घेतल्यावर साक्षीसाठी मला मारलं. पंधरा वर्षांच्या घोड्याला. हात तुमचाच होता, ट्रासोदादा. हाताला बामाचा वास होता."

"मग?" ट्रासो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं.

"मग काही नाही. ती वर्षं नसतील तर काकाही वारले नाहीत. काका असताना मळा मागणारे तुम्ही कोण? त्यांनाच येऊ द्या. मी त्यांच्या पाया पडेन."

"अरे भडव्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझा बाप गेला!"

"कधी?" काउंटने विचारलं. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "कुठल्या राजाच्या कितव्या वर्षी गेला, ट्रासो? सांग की. दोम्नोल लिहून घेईल."

ट्रासोचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या बापाचंही शेवटी असंच राहिलं होतं. वर्ष सांगितलं तर एकतीस भरत होती आणि मळा जात होता, आणि मळ्याबरोबर कदाचित डोकंही. नाही सांगितलं तर बाप जिवंत होता. मग तो लहान मुलासारखा म्हणाला, "बाबा आहेत."

"उत्तम," एब्रोआबा म्हणाले. "बोलावणं पाठवा. चाळीस रात्रींची मुदत."

*

बोलावणं माणसाच्या घरी जाऊन, साक्षीदारांसमोर, तोंडाने द्यायचं असतं. वुल्फारचं घर कुठलं यावर पंचांची थोडी चर्चा झाली. शेवटी सगळे उंचवट्यावर गेले. एब्रोआबांनी हेझेलच्या झुडपाच्या काठीने मातीवर तीनदा ठोकलं.

"वुल्फार! गिस्लोच्या मुलीच्या मळ्यावर तुझा दावा आहे. चाळीस रात्रींनी टेकडीवर ये. सूर्य मावळेपर्यंत वाट बघू."

वारा होता.

"ऐकलं असेल का?" एका पंचाने विचारलं.

"जिवंतपणी डाव्या कानाने बहिरा होता," बाझो म्हणाला. "कशाला भानगड. त्या बाजूने सांगा."

सगळे वळसा घालून पलीकडे गेले, आणि एब्रोआबांनी सगळं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "जिवंतपणी" असं म्हटल्याबद्दल दोम्नोलने बाझोला एक समज दिली.

त्या चाळीस दिवसांत ट्रासो गावात दिसला नाही. लोक म्हणत, तो बापाची खोली झाडून घेतोय, आला तर म्हणून. कुणी म्हणत, तो रोज उंचवट्यावर जाऊन येऊ नका म्हणून विनवतो. आगिलो आणि वाल्दा मळ्यात काम करत होते. एकदा जेवताना ती म्हणाली, "आला तर?"

"कोण?"

"तुझा काका."

"वाल्दा, मी त्याला पुरताना पाहिलंय."

"तू लग्नातही होतास," ती म्हणाली, आणि भाकरीचा मोठा तुकडा त्याच्या पुढ्यात टाकला. "पाद्री म्हणतो, पुन्हा लावून घ्या, नाहीतर पाप. मी म्हटलं, विचार करते. एवढी घाई काय आहे?"

*

ठरलेल्या दिवशी सकाळीच टेकडी भरली. वरच्या गावातूनही लोक आले होते, हेझेलच्या भाजलेल्या बिया शेंगदाण्यासारख्या खात. काउंटने ढाल टांगली. पंच बसले. प्रतिवादीच्या बाकासमोर वादीचा बाक रिकामा ठेवला. सूर्य डोक्यावर आला, उतरायला लागला. कायदा म्हणतो की वाट बघताना उठायचं नाही, म्हणून कुणी उठत नव्हतं.

दुपारी ट्रासोची म्हातारी आई आली. तिने धुतलेला सदरा रिकाम्या बाकावर ठेवला आणि शेजारी कांदापातीच्या कढणाचं भांडं, झाकून. मासा मुद्दाम आणला नव्हता.

"आला तर उपाशी असेल," ती म्हणाली, आणि हसली नाही. मग बाकाच्या उरलेल्या जागेत बसली. तिने सव्वीस वर्षं जपलेली वैधव्याची काळी ओढणी घातली नव्हती. ती घालावी की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्याकडे बघताना आगिलोला पहिल्यांदा आपल्या डावाची लाज वाटली. तीन वर्षं पुसली की त्यातले मेलेले परत येत नाहीत. नुसते कधी मेले ते सांगता येत नाही एवढंच होतं. त्याने खाली मान घातली.

सूर्य डोंगराला टेकायला चार बोटं उरली असतील. उताराच्या वाटेवर एक आकृती दिसली. वाकलेली, हळू, मातीच्या रंगाची. काही बोलत नव्हती. एक बाई किंचाळली. ट्रासो उभा राहिला आणि कायदा मोडला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाद्रीबाबांनी क्रूस उचलला. म्हातारीने कढणावरचं झाकण काढलं.

तो माणूस जवळ आला, पाठीवरची पोती खाली टाकली आणि घाम पुसत म्हणाला, "मीठ घेता का मीठ?"

"तू वुल्फार आहेस का?" एब्रोआबांनी कडक आवाजात विचारलं.

"मी मेत्सचा साल्वो आहे."

"शपथ घे."

"कसली?"

"तू वुल्फार नसल्याची."

मीठवाल्याने जमलेल्या माणसांकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं, बाकावरच्या सदऱ्याकडे पाहिलं. त्याने फार गावं पाहिली होती. काही न विचारता त्याने हात वर केला आणि आपण वुल्फार नसल्याची शपथ घेतली. म्हातारीने त्याला कढण दिलं. त्याने ते सगळं प्यायलं.

सूर्य गेला. काउंट उठला. "वुल्फार आला नाही. बोलावून न येणाऱ्याचा दावा पडतो. वुल्फार स्वतः हजर होईपर्यंत मळा गिस्लोच्या मुलीकडे. कुणी हात लावायचा नाही. वेलाला नाही, बांधाला नाही."

ट्रासो आईचा हात धरून उतरला. जाताना आगिलोजवळ थांबला. आगिलोला वाटलं, हा आता मारणार. सवयीने त्याने डावा गाल पुढे केला. ट्रासो नुसता म्हणाला, "बामाचा वास होता? खरंच?"

"होता, दादा."

"मला आठवत नव्हतं," ट्रासो म्हणाला.

*

आगिलो आणि वाल्दा मळ्यात आले तेव्हा उजेड अजून नदीवर होता. ते न ठरवता वरच्या कोपऱ्यात गेले. वाल्दा वाकून गवत शोधायला लागली.

"जिंकलास," ती म्हणाली.

"हो."

"मग तोंड असं का?"

तो बांधावर बसला, तिसऱ्या दगडाजवळ. "त्यांनी वर्षं काढून टाकली. मीही हो म्हटलं. पंचांसमोर म्हटलं, हिशेब मान्य आहे."

"डाव होता तो."

"होता. पण वाल्दा, तिच्यासाठी मला कुणी मारलं नव्हतं. बाझोच्या गाईसाठी मारलं, गिरणीसाठी मारलं. सगळी गाय मला आठवते, डाव्या शिंगाचा टवका आठवतो. तिचे डोळे..." तो थांबला. "घारे होते ना?"

वाल्दा सरळ झाली. मग तिने हात पदरासारख्या गुंडाळलेल्या कापडाला पुसला, जवळ आली, आणि त्याच्या डाव्या गालावर अशी चपराक मारली की खालच्या ओळीतले पक्षी उडाले. आणि तो सावरायच्या आत त्याचा लांब कान मुठीत धरून पिळला.

"करडे," ती म्हणाली. कान सोडला नाही. "करडे. आवा नाव. पुढचे दोन दात आले होते, खालचे. ह्या वेलाला धरून उभी राहिली, द्राक्षं उतरायच्या आधी आठ दिवस. एकदा पडली. रडली नाही. तुझ्याकडे बघून हसली. ऐकलंस?"

"ऐकलं."

लसूण आणि आंबलेला द्राक्षरस. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यासाठी चपराक हे कारण पुरेसं होतं. त्याने डोळे मिटले. ती तिथे होती, उभी, बुंध्याला धरून, डुलत.

वाल्दा त्याच्या शेजारी बांधावर बसली. थोड्या वेळाने तिने डोक्याचं कापड मागे सारलं आणि कान मोकळा केला. तिचा कान लहान होता, आखूड, कधी कुणी न ओढलेला.

"आता मला," ती म्हणाली. "जोरात. तू आधी गेलास आणि मी विसरले, तर कुणाला विचारू?"

आगिलोने आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. कसं धरायचं तेही त्याला नीट येत नव्हतं. त्याने हात उचलला.